डाव्या कोपऱ्यातलं बटण

१

मामानं डाव्या कोपऱ्यातलं बटण दाबलं आणि घंटेनं घर दणाणून गेलं. शेजारच्या इमारतीतलं कुत्रं भुंकायला लागलं. खाली रस्त्यावरून जाणाऱ्या एकानं थबकून वर पाहिलं.

"हे तुम्हाला ऐकू आलं नाही म्हणता?" मामानं विचारलं.

समोर नर्स भिंतीला टेकून उभी होती. तिच्या गालावर बोटं उमटली होती. थोरल्या मुलानं काल संध्याकाळी तिला मारलं होतं आणि घरातल्या कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर मामालाही नाही.

"घंटा वाजलीच नाही," ती म्हणाली. "आईशपथ, नाही वाजली."

"बटण चालू आहे, घंटा चालू आहे, तुमचे कान शाबूत आहेत. मग खोटं कोण बोलतंय, मी?"

पोलिसाला लोक पाठीमागे मामा म्हणतात. हा गुन्हे शाखेतून निवृत्त झालेला माणूस या घरात तोंडावरही मामाच होता, कारण काल गेलेली बाई त्याची सख्खी थोरली बहीण. त्याची ताई. सुट्या भागांचे लॅपटॉप बनवणारा कारखाना तिनं उभा केला होता. स्क्रीन बिघडला तर स्क्रीन बदला, कीबोर्ड नको झाला तर उपटा आणि दुसरा बसवा, सगळं मशीन भंगारात घालायची गरज नाही, असा तो लॅपटॉप. त्यातही कीबोर्ड हा तिचा जीव की प्राण. दोन वर्षांपूर्वी झटका आला, उजवं अंग गेलं, वाचा गेली, तेव्हा तिनं एकट्या डाव्या हातानं चालवायचा कीबोर्ड स्वतःसाठी करवून घेतला. ती टाइप करायची आणि लॅपटॉप मोठ्यानं बोलायचा. अडीअडचणीला कोपऱ्यात घंटेचं बटण.

गेल्या आठवड्यात एका सकाळी लॅपटॉप असंबद्ध बरळायला लागला. डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका, या खेपेला मेंदूच्या भाषेच्या भागावर. काल संध्याकाळी घशात कफ अडकून ती गुदमरली. कफ ओढायचं यंत्र पलंगाला खेटून होतं, ते चालवणारी नर्स पलीकडच्या खोलीत होती. घंटा ऐकून उठली असती तर ताई आज जिवंत असती. थोरल्यानं मामाला बोलावलं ते एवढ्यासाठीच, की तुमच्या खात्यात ओळखी आहेत, या बाईला आत टाका. मामा त्याच तयारीनं आला होता.

"वाजली नाही, मग काय ऐकू आलं? काहीच नाही?"

नर्सनं ओठ चावला. "क."

"काय?"

"मशीन 'क' म्हणत होतं. क, क, क, क. थांबेचना. मी स्वयंपाकघराकडे तोंड करून वहिनींना म्हटलंसुद्धा, 'बाईंची बाराखडी सुरू झाली.'" तिला रडू फुटलं. "मी हसले हो, मामा. आणि मग ते थांबलं."

२

थोरला ताईचा मुलगा. बोलताना समोरच्याकडे पाहण्याऐवजी फोनकडे पाहायचा.

"त्या बाईचं काय ऐकता? पगार घ्यायचा आणि खुर्चीत पेंगायचं. डॉक्टर आले तेव्हा त्यांच्यासमोर मीच ते बटण दाबलं. खणखणीत वाजलं. आणखी काय पुरावा पाहिजे?"

"ताई गेली तेव्हा तू कुठे होतास?"

"खाली ऑफिसात. नर्स बोंबलत आली. मी डॉक्टरांना फोन लावला आणि त्यांची वाट बघत फाटकाशी उभा राहिलो. नर्स माझ्यापाशीच होती, थरथरत."

"आणि वर?"

"वर ही होती." ही म्हणजे त्याची बायको, नर्सच्या वहिनी. "आईच्या उशाशी बसून होती. तिनंच दोन वर्षं सगळं केलं आईचं. मुलगी करणार नाही इतकं केलं."

मामानं मान हलवली. सूनबाई खरोखरच गुणाची होती, असं सगळे म्हणायचे. आताही न विचारता चहा पुढे आला होता, त्याला चालतो तसा, कमी साखरेचा.

"कारखाना विकायचं चाललंय म्हणे."

थोरल्यानं फोन खाली ठेवला. "कुणी सांगितलं? धाकटीनं? मामा, घेणारी कंपनी मोठी आहे. त्यांना हे काढा-घाला प्रकरण नकोय. ते कीबोर्ड चिकटवून टाकणार, बिघडला की नवा लॅपटॉप घ्या. धंदा असा करतात. आई शेवटपर्यंत अडून बसली. कागद पुढे केला की मशीनमधून एकच, 'पुन्हा कर.' लहानपणापासून तेच ऐकतोय. अभ्यास दाखवला, पुन्हा कर. लग्न ठरवलं तेव्हाही म्हणाली असती, पण पाहुणे बसले होते."

मामाला हसू आलं. ताईचा हा शब्द त्याच्याही ओळखीचा होता. शाळेत असताना त्याची गणितं तीच तपासायची आणि वही भिरकावून द्यायची. त्या दोन शब्दांवर तो माणूस झाला, असं त्याचं पक्कं मत होतं.

"मग आईचं डोकं गेलं हे तुझ्या पथ्यावरच पडलं. डॉक्टरांचा दाखला मिळाला की सही तुझी."

"पडलं," थोरला म्हणाला. त्याला लाज वाटली नाही. "पण मी काही आईच्या डोक्यात शिरून तारा ओढल्या नाहीत."

त्याच वेळी दारात त्याची धाकटी बहीण येऊन उभी राहिली होती. परगावच्या प्रदर्शनावरून काल रात्रीच परतलेली, प्रवासाची बॅग अजून तशीच.

"डोक्यात शिरायची गरज नसते, दादा," ती म्हणाली. "कीबोर्डात शिरलं तरी भागतं."

३

धाकटीनं मामाला खिडकीशी नेलं आणि लॅपटॉप मांडीवर घेतला. कीबोर्डच्या कडेला नख घातलं, चुंबकाची पकड सुटली, अख्खा कीबोर्ड पाटावरून भाकरी उचलावी तसा वर आला. उजवीकडे बोटभर रुंदीची कोरी पट्टी होती, तीही निघाली.

"आईला डाव्या हातानं पुरायला हवा, म्हणून कीबोर्ड डाव्या कडेला सरकवून बसवायचा आणि उरलेल्या जागेत ही पट्टी. आता हे बघा. कुठलं बटण दाबलं की काय उमटायचं हे लॅपटॉपला माहीत नसतं. ते या कीबोर्डातल्या चिपला माहीत असतं. चिप बदलली की 'पाणी' लिहायला जावं आणि भलतंच उमटावं. आणि बटणांवर अक्षरं नाहीत, त्यामुळे बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही."

खरंच एकाही बटणावर अक्षर नव्हतं. सगळी कोरी, काळी. अक्षरं बघून टाइप करणं म्हणजे स्वतःचे पाय बघत चालणं, असं ताई म्हणायची.

"चिप बदलता कुणाला येते?"

"मला." ती सरळ बोलली. "म्हणून दादा उद्या माझ्यावर उलटेल. पण मी गावात नव्हते, आणि दूर बसून हे होत नाही. शिवाय आता हा कीबोर्ड बरोबर चालतोय. सकाळी तपासला. प्रत्येक अक्षर जिथल्या तिथे. म्हणजे माझाच तर्क खोटा पडला. आईचं डोकंच गेलं होतं, मामा."

मामानं कीबोर्ड उजेडात तिरका धरला. वापरानं काही बटणं गुळगुळीत झाली होती. वरच्या ओळीतलं एक तर काचेसारखं चकाकत होतं, बाकीच्यांपेक्षा किती तरी जास्त. घंटेचं बटण मात्र अजून खरखरीतच होतं, फारसं कधी लागलंच नव्हतं.

"हे कशाचं?"

"वरची ओळ आईनं स्वतः नेमली होती. एका बटणाला एक अख्खं वाक्य. पाणी द्या, दिवा लावा, असलं काहीतरी. कुठलं काय ते तिलाच ठाऊक."

"तुझं आणि तिचं कसं होतं?"

धाकटीनं कीबोर्ड परत बसवला. "हा कीबोर्ड माझा आहे, मामा. आखलेला मी, जोडलेला मी. जाहिरातीत नाव तिचं. हा पसंत पडेपर्यंत मी एकामागून एक किती केले, तिनं प्रत्येक ढकलून दिला. पुन्हा कर. पुन्हा कर. सगळे नापास कीबोर्ड खाली कार्यशाळेतल्या खोक्यात पडलेत. दिसायला हुबेहूब असेच, फक्त बटणांची जागा प्रत्येकात वेगळी." ती थांबली. "मला तिचा राग होता. पण वेडी होऊन मरावी असं नव्हतं वाटलं."

मामाही त्याच प्रश्नापाशी अडला होता. नर्सला आत टाकणं हे काम होतं. ताई वेडी होऊन गेली का, हे त्याला स्वतःसाठी हवं होतं. जिच्या डोक्याच्या जिवावर तो आयुष्यभर मिरवला, ते डोकं शेवटी 'क'च्या बाराखडीत संपावं, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं.

आणि एक गोष्ट टोचत होती. डोकं फिरलेला माणूस दहा ठिकाणी बोटं घालतो. ताई एकच बटण दाबत होती.

४

नर्सला त्यानं पुन्हा बसवून घेतलं. या वेळी आवाज खाली होता. तिला त्याची जास्तच भीती वाटली.

"हे बरळणं दिवसभर सारखंच असायचं?"

"नाही ना. तेच तर मी डॉक्टरांना सांगत होते, पण नर्सचं कोण ऐकतो? सकाळी नुसता कचरा. दुपारनंतर एखादा शब्द बरा यायचा. संध्याकाळी तर बाई 'पाणी' म्हणायच्या, 'दिवा' म्हणायच्या. वाटायचं, सुधारतायत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी यावं तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न."

मामानं कान टवकारले. त्याचा बाप शेवटी भ्रमिष्ट झाला होता. सकाळी बरा असायचा आणि दिवस मावळला की मुलांना ओळखायचा नाही. इथे सगळं उलटं चाललं होतं.

"आणखी?"

"परवा संध्याकाळी म्हणाल्या, 'हे माझं नाही.' पुन्हा पुन्हा तेच. बोट मशीनवर आपटत होत्या. मी वहिनींना म्हटलं, बाई मशीनबद्दल काहीतरी सांगतायत. वहिनी म्हणाल्या, चादर बोचत असेल. आणि लगेच चादर बदलली. बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. डोळ्यांत पाणी होतं. वहिनींनी तेही पुसलं."

"मशीन तुम्ही पुसायचात?"

"रोज, ओल्या फडक्यानं. हल्ली बटणं जरा खरखरीत लागायची हाताला, म्हटलं पुसून पुसून झाली असतील. काल मात्र घोटाळा झाला. दुपारी खोकल्याचं औषध पाजताना बाईंचा हात लागला आणि ते गुलाबी औषध सगळं बटणांवर. वरवर पुसलं, पण फटींत गेलं ते गेलंच. वहिनींना सांगितलं तर म्हणाल्या, राहू दे, मी बघते. बोलणी बसतील म्हणून मी तुम्हाला आधी बोलले नाही."

मामा उठला. लॅपटॉप ओढला, धाकटीनं केलं होतं तसं नख घालून कीबोर्ड वर उचलला.

"अगं बाई," नर्स दचकली. "ते निघतं?"

मामानं चाकूच्या टोकानं एक बटण उपटलं. मग दुसरं. मग शेजारची चार. खाली धूळ होती, बिस्किटाचा चुरा होता, ताईचा एक पांढरा केस होता. गुलाबी औषधाचा थेंबही नव्हता.

"सिस्टर," तो सावकाश म्हणाला, "एक तर तुम्ही पट्टीच्या खोटारड्या आहात. नाही तर काल ताई ज्यावर हात आपटत होती, तो हा कीबोर्ड नव्हे."

५

कार्यशाळेत दुपारचं ऊन फरशीवर पसरलं होतं. टेबलावर स्क्रू, चिमटे, अर्धवट जोडलेली मशीनं. कोपऱ्यात ते खोकं. त्यात कोरे, काळे कीबोर्ड एकावर एक रचलेले, एकाच आईची लेकरं असल्यासारखे. खालच्यांवर धुळीचा थर होता. वरच्या काहींवर मुळीच नव्हता.

सगळ्यात वरचा कीबोर्ड लख्ख पुसलेला होता. मामानं त्याचं एक बटण उपटलं. ते सहज निघालं नाही, चिकटलं होतं. खाली गुलाबी चिकटा.

त्यानं तो कीबोर्ड ताईच्या लॅपटॉपवर चढवला. डाव्या कोपऱ्यातलं बटण, जिथे घंटा असायला हवी तिथलं, त्यानं दाबलं.

"क," लॅपटॉप म्हणाला.

ताई बाराखडी म्हणत नव्हती. ती घंटा वाजवत होती. श्वास कोंडलेला माणूस कुठलं बटण कुठे आहे याचा विचार करत बसत नाही. बोट सवयीनं जातं तिथे जातं. ते गेलं, दाबत राहिलं, आणि पलीकडे लोक हसले.

ती वेडी नव्हती. कुणीतरी रोज सकाळी तिच्या तोंडातली जीभ बदलत होतं. दिवसभर चाचपडून संध्याकाळपर्यंत ती नवा कीबोर्ड शिकायची, चार शब्द जमवायची, की उजाडता नवा कीबोर्ड. आणि हे काय चाललंय ते तिला पहिल्या दिवसापासून कळत होतं. सांगायचं कशानं?

खात्यात असताना त्यानं कुऱ्हाडीनं तुकडे केलेले मुडदे पाहिले होते. हे त्याहून वाईट होतं.

६

संध्याकाळी त्यानं सगळ्यांना ताईच्या खोलीत बसवलं. थोरला, धाकटी, नर्स. सूनबाई चहाचा ट्रे घेऊन आली, प्रत्येकाच्या हातात कप दिला, नर्सच्याही. पलंगावरची गादी गुंडाळून ठेवली होती.

मामानं लॅपटॉप आणि ताईचा खरा कीबोर्ड वेगवेगळे करून टेबलावर ठेवले.

"थोरल्या, बसव बघू हा."

थोरल्यानं कपाळाला आठ्या घातल्या, कीबोर्ड बरोबर मध्यभागी बसवला आणि दोन्ही बाजूंना दोन बारीक पट्ट्या शोधायला लागला. "अशा पट्ट्या असतात. दुकानातल्या फोटोत आहेत."

"फोटोत आहेत," मामा म्हणाला. "तुझी आई दोन वर्षं कशी टाइप करत होती, ते तू बघितलं नाहीस. सूनबाई, तू बसव."

सूनबाईच्या एका हातात ट्रे होता. तिनं दुसऱ्या हातानं कीबोर्ड उचलला, डाव्या कडेला टेकवला, अंगठ्यानं दाबला, पट्टी सरकवली आणि बाहीनं एकदा पुसून घेतला. तिचं लक्षही त्यात नव्हतं.

"रोज पुसावा लागायचा," ती म्हणाली. "जेवताना सांडायचं."

"बरोबर. आता मी सांगतो, तुम्ही ऐका." मामानं खिशातून ते चिकट बटण काढून सगळ्यांसमोर ठेवलं आणि खोक्यात काय सापडलं ते सांगितलं. धाकटीनं तोंडावर हात ठेवला. तिचे नापास कीबोर्ड.

"चिप बदलायची अक्कल लागत नव्हती," मामा पुढे बोलू लागला. "खोक्यातला एक काढायचा आणि चढवायचा, एवढंच. म्हणजे धाकटीवर बोट दाखवायचं कारण नाही, ती गावातच नव्हती. आता प्रश्न असा, की ताई गेल्यावर तिचा खरा कीबोर्ड परत कुणी बसवला? तो डॉक्टरांसमोर वाजला, म्हणजे डॉक्टर यायच्या आधी बसला. सिस्टरनं बसवला असेल? तिच्या हातात असतं तर तिनं 'क' म्हणणारा तसाच ठेवला असता, तिची तेवढ्यानं सुटका होती. स्वतःच्या गळ्यात फास कुणी घालून घेत नाही. आणि नर्स ओरडत खाली गेली ती फाटकाशी थोरल्याजवळच थांबली. दोघंही वर नव्हते. वर ताई होती, आणि तिच्या उशाशी एक माणूस होतं."

थोरला हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "मामा, काहीतरीच काय? हिनं? हिनं आईचं हगणंमुतणं काढलंय. हिला काय मिळायचं होतं त्यातून? कारखान्यात हिचा संबंध काय?"

"तेच मला दुपारभर कळत नव्हतं," मामा म्हणाला. "मग हे दिसलं."

वरच्या ओळीतलं चकाकणारं बटण. घंटेपेक्षा गुळगुळीत, अक्षरांपेक्षा गुळगुळीत. त्यानं ते दाबलं.

"पुन्हा कर," लॅपटॉप म्हणाला.

थोरला बसून राहिला. धाकटी बसून राहिली. सूनबाई मात्र पुढे झाली. तिनं मामाच्या हातातला भरलेला कप काढून घेतला, ट्रेवर ठेवला आणि ती दाराकडे चार पावलं चालूनही गेली. मग ती थांबली. आपण काय केलं ते तिच्या लक्षात आलं असावं.

मामानं तिच्या हातातून ट्रे घेतला.

७

"चहा गार असला की पुन्हा कर," सूनबाई म्हणाली. ती जमिनीवर बसली होती आणि आवाज अगदी साधा होता, किराणा सांगावा तसा. "गरम असला की पुन्हा कर. उशी, केस, फरशी. ग्लास धुऊन आणला की उजेडात धरून बघायच्या. बोलता येत होतं तेव्हा निदान दम लागायचा त्यांना. नंतर एक बोट पुरायचं. मी खोलीत शिरायच्या आधी बटणावर बोट तयार असायचं. मला दिसायचं ते."

"तू मला का नाही सांगितलंस?" थोरला म्हणाला.

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, आई आहे, चालायचंच."

"पहिल्या दिवशी नुसती गंमत म्हणून बदलला," ती मामाला म्हणाली. "त्यांनी ते बटण दाबलं आणि मशीन काहीतरी भलतंच बोललं. त्यांचं तोंड बघायला हवं होतं तुम्ही. दिवसभर घरात एकदाही ते वाक्य आलं नाही. पण संध्याकाळपर्यंत त्यांना जमायला लागलं. काय डोकं होतं! मग सकाळी दुसरा बसवला."

"आणि ती रडली तेव्हा?"

"मी डोळे पुसले ना."

नर्सनं हुंदका दिला. मामानं तिच्याकडे पाहिलं नाही. त्याला एकच गोष्ट विचारायची होती, आणि उत्तर माहीत असूनही विचारायची होती.

"काल संध्याकाळी तू स्वयंपाकघरात होतीस. 'क क क' ऐकू येत होतं. कोपऱ्यातलं बटण कशाचं, हे काल वर असलेल्यांत सिस्टर सोडून तुलाच ठाऊक होतं. आणि त्या जागी आता घंटा नाही, हे फक्त तुलाच. कळलं होतं तुला?"

"हो."

"मग?"

"नळ सोडला." सूनबाईनं हाताकडे पाहिलं. "ऐकू येऊ नये म्हणून. ग्लास धूत होते. एकदाच धुतला आणि पालथा घातला. खूप दिवसांनी एकदाच."

"आणि सिस्टर तुरुंगात गेली असती."

"गेली असती," ती म्हणाली, आणि तिनं नर्सकडे असं पाहिलं की जणू खोलीत आणखी कुणी आहे हे तिला आत्ताच दिसलं.

मामानं जुन्या सहकाऱ्याला फोन केला. पोलीस येईपर्यंत थोरल्यानं दबक्या आवाजात एकदा विचारलं, की ही बातमी बाहेर गेली तर कंपनी घेणारे मागे हटतील का. धाकटीनं त्याच्या थोबाडीत दिली, त्याच हातानं कार्यशाळेतून आपल्या नापास कीबोर्डांचं खोकं ओढत आणलं आणि पुराव्यासाठी दारात ठेवलं.

नर्स निघाली. मामा तिच्यामागून जिन्यापर्यंत गेला.

"सिस्टर, सकाळी मी जे बोललो..."

"मी हसले होते, मामा," ती म्हणाली. "ते काही तुम्हाला पुसता यायचं नाही." ती खाली उतरून गेली.

पोलीस आले तेव्हा सूनबाईनं एकच विचारलं. "तो कीबोर्ड पुरावा म्हणून नेणार ना? मग तो या घरात परत येणार नाही ना?"

"नाही," मामा म्हणाला.

तिनं सुटकेचा श्वास टाकला आणि निमूट त्यांच्याबरोबर गेली.

खोलीत मामा एकटा उरला. सकाळपासून त्याची स्वतःसाठी एकच इच्छा होती, ताई वेडी नव्हती एवढं कळावं. ते कळलं होतं. ती पुरती शुद्धीत होती. कीबोर्ड कोण बदलतंय हे तिला माहीत होतं, कोपऱ्यातलं बटण चालत नाही हेही तिला पहिल्या 'क'लाच कळलं असणार, आणि तरी श्वास संपेपर्यंत ती तेच दाबत राहिली, कारण दुसरं काही नव्हतं. वेडी असती तर बरं झालं असतं, असं त्याला स्वतःच्या सख्ख्या बहिणीबद्दल वाटलं, आणि तिचा त्याला पहिल्यांदाच रागही आला. दोन वर्षांत 'पाणी'चं बटण झिजलं नव्हतं. 'ये, बस'चं तर बटणच नव्हतं.

त्यानं लॅपटॉप मिटला, कप गोळा केले आणि स्वयंपाकघरात नेऊन नळाखाली धरले. ओट्यावर तो ग्लास अजून पालथा होता. मामानं तो उचलून उजेडात धरला. काठाला बोटाचा एक पुसट डाग राहिला होता. त्यानं ग्लास परत धुतला.